देवाला सांगितलेला पत्ता

मी गाऱ्हाणं बोलले तेव्हा खोलीत मी होते आणि माझी लेक होती. भिंतीवरच्या फोटोतला देव धरला तर तिघं. चौथं कोणी नव्हतं, दारही लोटलेलं होतं. हे पहिलं सांगते, कारण नंतर लालबागला आमच्या चाळीत आणि गावच्या माणसांत सगळीकडे झालं की म्हातारीने स्वतःच लेकीची लक्तरं वेशीवर टांगली. मी नाही टांगली.

लेक आमच्याच गावच्या, खालच्या वाडीतल्या माणसाला दिली होती. राहायचे इथेच, परळला. तो मारायचा. पहिल्या वर्षापासून मारायचा. मी म्हणायचे, निघ तिथून. ती म्हणायची, आई, सुधारेल. मग त्याने तिचा हात मोडला, तेव्हा प्लास्टरसकट निघाली. माझ्याकडे राहिली असती तर तो पहिला इथेच आला असता, म्हणून वडाळ्याला खोली भाड्याने घेतली. लोअर परळला एका ऑफिसात पँट्री सांभाळते, चहा-कॉफी देते, स्वतःचं भागवते. कुठे राहते ते फक्त मला माहीत. सख्ख्या मावशीलाही सांगितलं नव्हतं.

आमच्यात गावच्या देवळात उभं राहून गाऱ्हाणं घालतात. काय दुखतंय ते देवासमोर मोठ्याने सांगायचं. मी दरवर्षी जायचे. यंदा गुडघ्याने धरलं, एसटीत बसवेना. धाकटा दीर गावी असतो, तो माझ्या वतीने घालणार होता. आता गाऱ्हाणं अर्धवट चालत नाही. कोण, कुठे राहतं, कोणापासून राखायचं, सगळं नीट सांगावं लागतं. माझ्या सासूने मला तसंच शिकवलं. पत्ताच नाही सांगितला तर देव राखण कुठे जाऊन करणार?

मला फोनवर लिहिता येत नाही. चौथीपर्यंत शिकले, वाचते सावकाश. लेकीने ते माइकचं बटण दाबून दिलं, मी बोलले, फोनने लिहिलं.

“देवा म्हाराजा, माझा चेडू वडाळ्याक ऱ्हवता...” असं सुरू केलं. लेकीचं नाव घेतलं, गल्ली सांगितली, माळा सांगितला. “घोवान हात मोडल्यान म्हणान घर सोडून इला हा. एकटाच आसा. त्येच्या नजरेक पडू देव नको.”

लेक म्हणाली, “गल्लीपण सांगितलीस, आई?”

“देवाक सांगतंय.”

“बरं बाई. उद्या आपोआप पुसलं जाईल असं लावून ठेवते. काकांना सांग, आजच वाचा म्हणून.”

ते एकट्या दिराच्या फोनवर गेलं. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनातून खरंच पुसलं गेलं. देवाच्या कानात गेलं आणि बाकी कुठे राहिलं नाही, म्हणून मला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी लेक जेवायला आली होती, मोरीत भांडी घासत होती. मी जवळा निवडत बसले होते. समोरच्या खोलीतली शेजारीण आमच्याच गावची. ती आली आणि फोन माझ्यापुढे धरला.

“मावशी, ह्या तुमचाच ना? गावच्या ग्रुपार इला हा.”

माझं गाऱ्हाणं. अक्षरन् अक्षर. वर माझा तो गोल फोटो, नथ घातलेला. खाली लोकांनी हात जोडलेले. बिचारी, म्हणे. देव बघून घेईल, म्हणे. हात जोडायचं चित्रच असतं फोनात, दाबलं की झालं पुण्य.

लेक साबणाच्या हातांनी आली. वाचलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, “आई, तो आहे या ग्रुपात.”

मी दिराला फोन लावला. पुतण्याने उचलला.

“काकी, देवळात रेंज नाय. बाबांका वाचून दाखवूक होया, म्हणान स्क्रीनशॉट काढलंय.”

“ता काय आसता?”

“फोनार जा दिसता त्येचो फोटो ओ.”

“मगे ग्रुपात कोणी घातल्यान?”

“मीच. म्हटलंय, सगळ्यांनी हात जोडले तर देवाक लवकर ऐकाक येयत.”

“देव बहिरो आसा काय रे?”

तो हसला. “काकी, तुमी कायपण बोलतास. डिलीट करतंय, थांबा.”

डिलीट करतो म्हणे. तोवर ते किती फोनांत जाऊन बसलं असेल! लेकीने मला समजावलं, काही ॲपवर कोणी असा फोटो काढला तर आपल्याला कळतं, आपल्या या ॲपवर तसं कळत नाही. हेच माझ्या डोक्यात जातं. ॲपवाल्यांनो, पुसलं जाईल म्हणून मला सांगता, आणि समोरचा त्याचा फोटो काढून ठेवतो तेव्हा चकार शब्द बोलत नाही? मग पुसलंत काय? माझ्याकडचं पुसलंत. दुसऱ्याकडे तसंच राहू दिलंत.

तेवढ्यात वडाळ्याहून घरमालकिणीचा फोन आला. एक माणूस येऊन दार वाजवत होता, माझी बायको कुठे आहे विचारत होता. लेक त्या खोलीत परत गेलीच नाही. तिचे कपडे, कागदपत्रं आणायला दुसऱ्या दिवशी मी आणि शेजारीण टॅक्सी करून गेलो. तो खाली जिन्यापाशीच उभा.

“काय मामी, गुडघा बरा आहे ना?”

मी जिन्याकडे वळले. त्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला. “पत्ता तुम्हीच दिलात की. गल्ली, माळा, सगळं. टॅक्सीवाल्याला दाखवला, बरोबर आणून सोडलं.”

“देवाला दिला होता. तुला नाही.”

“मग देवानेच पाठवलं असेल मला.”

शेजारीण पुढे झाली. “हात लावून बघ मावशीक. चप्पल पायात नाय, हातात आसा माझ्या.”

तो बाजूला झाला. आम्ही सामान घेतलं आणि तशाच चौकीत गेलो. हवालदाराने तक्रार लिहून घेतली. पण विचारलंच, “आजी, मजकूर तुम्हीच पाठवलात ना?”

हो, मीच पाठवला. एकाला पाठवला. गावाला नाही. त्या नालायकाला तर नाहीच.

घरमालकिणीने खोली सोडायला लावली. लेक आता दुसरीकडे राहते. निघताना मला म्हणाली, “आई, या वेळी देवालापण सांगू नकोस.” ते ऐकून जो राग आला, तसा गिरणी बंद पडली तेव्हा आला नव्हता, नवरा गेला तेव्हाही नाही. तेव्हा घरात खायला नव्हतं, पण देवासमोर तोंड उघडायला मी कोणाला घाबरत नव्हते. आता हात जोडून उभी राहते आणि नुसतं म्हणते, जिथे असेल तिथे राख. हे काय गाऱ्हाणं झालं?

त्या फोटोत तिचं नाव आहे, नव्या जागी कोणी ते ओळखून त्याला कळवलं तर तेवढं पुरतं. तो फोटो अजून फिरतोय. तुमच्या फोनात आला असेल तर पुसून टाका. हात जोडू नका, खरं का म्हणून मला विचारायला पाठवू नका, पुढे तर कोणालाच नको. नुसता पुसा.