चढावर मागे पडलेले सर

नागापूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाताना ते मला रोज दिसत. पन्नाशीचे, काटक, सायकलवर वाकलेले, आणि मागे सायकलींवर चार-पाच मुली. देशासाठी रस्त्यावर आणि ट्रॅकवर शर्यती मारलेला हा माणूस आता शेतकऱ्यांच्या पोरींना तयार करतो, एवढंच मला ठाऊक होतं.

एका सकाळी ते चहाच्या टपरीवर धापा टाकत एकटेच थांबले होते. मी विचारलं, "सर, मुली कुठायत?"

"येतायत मागनं. पन कर्जतची ती बारकी गेली पुढं! चढावर मी जीव खाऊन सायकल हाणली, तरी गावली न्हाई. उभ्या जन्मात कुणाला सुखानं पुढं जाऊ दिलं न्हाई मी. आज लई भारी वाटलं."

शर्यत जिंकल्यावर त्यांचा चेहरा कसा दिसत असेल, ते मला त्या सकाळी कळलं.