मी कापलेलं वाक्य

मला लोकांची वाक्यं दुरुस्त करायची खोड आहे. बाबा मास्तर होते, त्यांच्याकडून आली असेल. डोकं फिरलं तेव्हा मी तीन महिने नागपूरला दवाखान्यात भरती होते, आणि तिथंसुद्धा शेजारच्या खाटेवरच्या बाईला नीट बोलायला शिकवत होते म्हणे. मला आठवत नाही, आई सांगते. आता हसू येतं, तेव्हा घरात कोणी हसत नव्हतं.

बरी झाल्यावर सिंदेवाहीला घरी बसून होते, तेव्हा एका संस्थेनं बोलावलं. काम असं, की ज्यांना मनाचा आजार होऊन गेलाय त्यांनीच दुसऱ्या आजारी माणसाच्या सोबतीला जायचं. औषध द्यायचं नाही, उपदेश पाजायचा नाही. जवळ बसायचं, ऐकायचं, आपल्यावर काय गुदरलं ते सांगायचं. अशा माणसांना आम्ही सोबती म्हणतो. दोन वर्षं मी स्वतः हे केलं, मग नवे सोबती तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात कसलं, मीच उड्या मारत घेतलं.

तिसऱ्या तुकडीत एक बाई आली. एटापल्लीच्याही आत, रानातलं गाव. घरी गोंडी, मराठी जेमतेम. दुसरं बाळ दगावल्यावर तिला हाका ऐकू यायला लागल्या होत्या, आणि हाकेमागं ती जंगलात निघून जायची. पुजाऱ्याचे उपाय झाले, मग गोळ्या सुरू झाल्या, मग हळूहळू तिनं घर धरलं. पण गावात तिला पिसीच, वेडीच म्हणत. पहिल्या दिवशी ती चपला काढून दारातच बसली, आत येईना. मी म्हटलं, "अव माय, आत ये ना! इथी सारे आपल्यासारखेच पागल आहेत." तेव्हा कुठं हसली.

आम्ही प्रत्येकाला आपली गोष्ट पाच मिनिटांत सांगायला शिकवतो. काय झालं, सोबत कोणाची मिळाली, आता कसं आहे. तिनं सांगितली तेव्हा वर्गातल्या बाप्यांनीही डोळे पुसले. मला फक्त शेवट खटकला. ती म्हणाली, "आता बरी आहो. पण मोहफुलाच्या दिवसात रानात एकटी रायली तं हाक येते कधी कधी. मंग मी नणंदेजवळ जाऊन बसतो."

"हे शेवटचं गाळून टाक," मी म्हटलं. "बरी आहो, इथंच थांब. ऐकणाऱ्याला धीर आला पाहिजे, भीती नको."

"पण थे खरं हाये ना, बाई?"

"खरं आहे गं. पण सगळंच खरं सांगायचं नसतं."

काय ही माझी अक्कल! कोणी कानफटात मारायला हवी होती. उलट सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, कारण ती गोष्ट फार गाजली. नागपूरचे पाहुणे आले की मी तिला उभी करायची, नवी तुकडी आली की तिला बोलवायची. बघा, हिला बघा, कशी होती आणि कशी झाली. कामही सोन्यासारखं करायची. शेजारच्या गावात एक म्हातारा गोठ्यातून बाहेर येत नव्हता. ही रोज दाराबाहेर जाऊन बसायची, काही न बोलता. तिसऱ्या आठवड्यात त्यानं तिच्याकडं पाणी मागितलं. एकदा एसटीत ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आता मले गावात बाई म्हणते सारे." आणि पदरात तोंड लपवून हसत राहिली.

आमचा एक नियम होता. सोबती पुन्हा आजारी पडला तर त्याला विश्रांती द्यायची आणि जागा दुसऱ्याला द्यायची. त्यांच्याच भल्यासाठी, असं म्हणत मीच तो सुवाच्य अक्षरात लिहिला होता. मी स्वतः अजून रोज गोळी घेते, हे मात्र माझ्या गोष्टीत कुठंच नव्हतं.

दर सोमवारी ती रेंजसाठी टेकडी चढून मला फोन करायची. "कशी आहेस?" "बरी आहो." झालं, मी वहीत खूण करून मोकळी.

यंदा चैतात दोन सोमवार फोन आला नाही. तिसऱ्या सोमवारी टेकडीवरून तिची नणंद बोलली. "वैनी रानातच रायते बाई. जेवत नाई." दुसऱ्या दिवशी मी निघाले. एसटीनं एटापल्ली, पुढं एका कार्यकर्त्याच्या मोटारसायकलवर. त्याला गावाच्या वेशीवरच थांबवलं आणि एकटी गेले. अंगणात मोहाची फुलं वाळत होती आणि ती भिंतीला टेकून बसली होती. निम्मी झालेली, केस सुटलेले, पाय काट्यांनी फाटलेले. नणंद म्हणाली, "होळीपासून असंच चालू हाये. कोणाले सांगू नोको म्हणे. तुमाले तं बिलकुलच नाई."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि विचारलं, "हाक येते का गं?" एवढ्या दिवसांत हे मी पहिल्यांदा विचारत होते.

तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या बॅगेकडं पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "खरं सांगतलं तं मले काढान का?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण त्याच सकाळी निघताना ऑफिसला फोन करून मी तिच्या जागी दुसरी बाई बघायला सांगितलं होतं. ते आठवलं आणि मी अडखळले. श्वासभरच. मग घाईघाईनं म्हटलं, "नाई गं, नाई! तुले कोण काढते?"

पण माणूस बोलायचं थांबतो ना, तेव्हाच नीट ऐकायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. तिनं दोन्ही हातांनी केस मागं सारले, पदर सारखा केला.

"बरी आहो, बाई," ती म्हणाली, आणि नणंदेला मला पाणी द्यायला सांगितलं.