डाव्या हाताचा माऊस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. इंटरनेटवर माझ्या आवाजात कॉम्प्युटर शिकवणारे बावीस व्हिडिओ आहेत. त्यांतला आवाज तेवढा माझा. शिकवणं काकांचं.

काका म्हणजे नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासचे लॅब असिस्टंट. मी शिकवायचो, त्यांनी मशीन सुरू करायची, बंद करायची, धूळ पुसायची. निदान मालकांच्या लेखी त्यांचं काम एवढंच होतं. प्रत्यक्षात माझं लेक्चर संपलं, की मुलंमुली त्यांच्याभोवती गोळा व्हायची. काका एक पायरी करून दाखवायचे, मग माऊस सोडून दोन्ही हात वर करायचे आणि म्हणायचे, "आता तुम्ही करा. मी हाय हितंच."

"काका, चुकलं तर?"

"चुकंल की. कॉम्प्युटर चावतो का?"

एकदा वर गेलेले ते हात समोरच्याचं काम होईपर्यंत खाली येत नसत. शिकवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतःचे हात आवरणं त्यांतल्या फार थोड्यांना जमतं. मला नाही जमलं. कुणी अडखळलं, की मी माऊस ओढून घ्यायचो.

नवरात्र आलं, की मखमलाबादकडच्या फुलं पिकवणाऱ्या घरांतल्या मुली क्लासला यायच्या बंद होत. दसऱ्याचा झेंडू तोडायचा असे. त्या परत येईपर्यंत लग्नपत्रिका तयार करायचा धडा होऊन गेलेला असायचा. मी सांगायचो, "आता पुढच्या बॅचला बसा." काकांनी मात्र पडद्यावर चाललेलं सगळं आवाजासकट टिपून घेणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर कुठूनतरी शोधून आणलं, आणि दुपारच्या रिकाम्या लॅबमध्ये धडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली. परतलेल्या मुली कोपऱ्यातल्या मशीनवर ते बघत बसायच्या.

एका दुपारी मी आत डोकावलो. काका माइकमध्ये "आता तुम्ही करा" म्हणाले आणि गप्प झाले. मग शेजारच्या मशीनकडे वळून, डाव्या हातात माऊस धरून तीच पायरी धडपडत करू लागले. बाण भलतीकडेच जात होता. पायरी झाल्यावर ते पुन्हा माइककडे वळले. रेकॉर्डिंग संपल्यावर मी विचारलं, "काका, हे काय चाललंय?"

"सर, उजव्या हातानं मला दोन सेकंद लागतात. नव्या माणसाला किती लागंल, ते डाव्या हाताला विचारतो. तेवढा टाइम गप ऱ्हायचं."

मी हसलो. नंतर स्टाफरूममध्ये त्याची नक्कलही करून दाखवली. छान झाली होती.

पुढे व्हिडिओ फुकट टाकता येतील अशा साइटी आल्या. मालकांनी काकांचे धडे ऐकले आणि मला बोलावलं. "माल चांगला आहे रे, पण हे हाय-नाय चालायचं नाही. तुझा आवाज टाक."

मी टाकला. एका व्हिडिओला दहा मिनिटांची मर्यादा होती, म्हणून काका जिथे जिथे गप्प राहिले होते त्या सगळ्या जागा कापल्या. डिस्क भरली होती, म्हणून मूळ फाइली पुसल्या. त्यांना विचारलं नाही.

पहिला व्हिडिओ बघून ते एवढंच म्हणाले, "आवाज लय भारी हाय सर. पण तुम्ही थांबतच नाय."

काही महिन्यांनी एका संस्थेला मराठीत असे धडे तयार करणारा माणूस हवा होता. मी अर्ज केला. मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर काका दिसले. इस्त्रीचा शर्ट घालून, त्यांच्या गावाहून, विंचूरहून सकाळच्या पहिल्या एसटीने आले होते. माझा नंबर आधी लागला. आत टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आमचे व्हिडिओ चालू होते. एका बाईंनी विचारलं, "हे सगळं तुम्ही केलंत?"

मी म्हणालो, "हो."

माझ्यानंतर काका आत गेले, ते पाच मिनिटांत बाहेर.

"तुमचेच व्हिडिओ दावले सर. म्हणले, असं जमंल का?"

"मग?"

"म्हणलं, जमंल."

नोकरी मला लागली.

काकांनी क्लास सोडला आणि विंचूरला टायपिंगचं छोटं दुकान टाकलं. वर्षभराने मी तिथे गेलो. सगळं कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो. आत एक चाळिशीची बाई मशीनसमोर बसली होती आणि माझा आवाज सुसाट चालला होता. दर पायरीला काका डाव्या हाताने व्हिडिओ थांबवत, हात वर करत आणि म्हणत, "आता तुम्ही करा. मी हाय हितंच."

"हा मास्तर लय पळतो काका," बाई वैतागून म्हणाली.

तेवढ्यात काकांनी मला पाहिलं. "अहो ताई, हेच ते सर!"

बाई ओशाळली. उठून तिने मला नमस्कार केला. मी तो घेतला, चहा प्यालो आणि नाशिकला परत आलो.

काका आता नाहीत. क्लासही बंद पडला. व्हिडिओ अजून आहेत, त्यांचा पासवर्ड माझ्याकडे राहिला आहे. मी कधीतरी आवाज बंद करून ते बघतो. बाण बटणापाशी जातो, त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारतो, मग टेकतो. त्या बाणामागचा हात माझा नाही.

त्यांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. ते आधी त्या बावीस व्हिडिओंखाली जायला हवं, माझं आहे त्या जागी. पाच मिनिटांचं काम आहे. मी काकांना त्यांचं नाव देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.