कोल्ह्याला घातलेली साद
"ही काय कोल्ह्याला बोलावणार गो! पाव्हण्यांसमोर तोंड उघडत नाय," मामी शेजारणीला म्हणाली. ते ऐकूनही मी मामाबरोबर निडी गावातल्या वालाच्या शेतात गेले. शिकारीची बंदूक त्याने कधीच पोलिसांत जमा केली होती, पण तिन्हीसांजेला बांधावरून कोल्ह्यासारखं ओरडून त्याचं उत्तर ऐकल्याशिवाय तो जेवत नसे. त्या वर्षी घशाच्या ऑपरेशनात मामाचा आवाज गेला आणि कोल्हाही गप्प झाला. मामाने माझे तळवे माझ्या तोंडाभोवती धरले, बोट वर नेत सूर चढवायला लावला. बऱ्याच वेळाने झाडीतून उत्तर आलं, तेव्हा मामा नुसता डोळे पुसत राहिला. परवा त्याच्या दहाव्यानंतर बांधावर वालाच्या फुलांचा त्या सांजेसारखाच वास होता. कोल्हा आपणहून ओरडला. "मामा गेला रे," मी मोठ्याने म्हणाले.