खुशालरावाची अडचण

गल्लीत त्याला खुशालराव म्हणत. हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. खुर्चीत बसता बसता कुणीही विचारावं, "कसं काय?" आणि त्याने कापड झटकत म्हणावं, "खुशाल." अंगात ताप असला तरी खुशाल, छत गळत असलं तरी खुशाल. सलून वडिलांपासूनचं, आणि वडिलांची शिकवण एकच: गिऱ्हाईक आपलं रडगाणं सांगायला येतं, न्हाव्याचं ऐकायला नाही. त्यामुळे अख्ख्या गल्लीची भांडणं, कर्जं आणि जावयांचे उपद्व्याप त्याच्या कानांत जमा होते. त्याच्या स्वतःच्या पोटात काय आहे, हे मात्र घरच्यांनाही ठाऊक नसे.

पोटात सध्या एकच गोष्ट होती, पण ती पुरेशी होती. त्याचा उजवा हात थरथरू लागला होता. एका सकाळी जुन्या गिऱ्हाइकाच्या कानामागे वस्तरा निसटला. गिऱ्हाईक भला माणूस, हसला, तुरटी लावून घेतली आणि गेला. खुशालरावाने वस्तरा धुतला, पुसला, खणात ठेवला आणि परत काढला नाही. कात्री एक वेळ माफ करते, वस्तरा करत नाही. पण हात हलतो असं न्हाव्यानेच सांगितलं, तर गळा पुढे कोण करणार? तेव्हा दाढी करून घ्यायला येईल त्याला तो आरशात निरखायचा आणि म्हणायचा, "राखा की दाढी. चेहऱ्याला भारदस्तपणा येतो." माणूस स्तुतीला भुलतोच. बघता बघता पोस्टमनपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत अर्धी गल्ली दाढीवाली झाली. ज्याला दाढी उगवायचीच मारामार, त्यानेही हनुवटीवर चार केस जपले. दाढ्या वाढल्या तसा गल्ला आटला. घरी त्याने सांगितलं, फॅशन आहे, जाईल.

त्याच्या एकुलत्या लेकीला दातांची डॉक्टर व्हायचं होतं. बापाने जन्मभर गालांवरून हात फिरवला, आता लेक गालांच्या आत बघणार, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. दूरच्या शहरातल्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. तिच्या शिक्षणासाठी त्याने तिच्या जन्मापासून पैसे बाजूला टाकले होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की दाढ्या वाढल्यापासून तो दुकानातून म्हणून घरी जे आणून देत होता, त्यातले बरेचसे त्या बाजूला टाकलेल्यातलेच होते. आता तिथे खडखडाट होता. आणि हे लेकीला कळलं तर ती कॉलेजचा नाद सोडेल आणि कुठेतरी नोकरी धरेल, याबद्दल बापाला शंका नव्हती. स्वभावाने ती आईवर गेली होती.

म्हणून, शिकणाऱ्या मुलांना पैशाची मदत करणारी एक संस्था आहे असं खुर्चीतल्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं, तेव्हा त्याने लगेच लेकीला अर्ज करायला लावला. मिळत असेल तर का सोडा, असं वरवर म्हणाला. मिळकतीच्या रकान्यापाशी थांबून तिने विचारलं, बाबा, काय लिहू? त्याने आकडा सांगितला तो वस्तऱ्याच्या काळातला. खरा सांगायचा तर तो आधी घरात सांगावा लागला असता.

मग संस्थेच्या बाई घर बघायला येणार असल्याचा फोन आला. शहाण्या माणसाने घर होतं तसं ठेवलं असतं. खुशालरावाने पुढच्या भिंतीला रंग दिला. शेजारच्या मास्तरांचा सोफा चौघांनी मिळून उचलून आणला, मागोमाग त्यांच्याच घरचे कप आले आणि पडदेही आले. बायको म्हणाली, अहो, आपण मदत मागतोय ना? त्यावर तो चिडून म्हणाला, मागतोय म्हणून काय पाहुणीला मोडक्या खाटेवर बसवायचं? बाई आल्या, सोफ्यावर बसल्या, चहा घेतला आणि नेमकी अडचण काय आहे, असं त्यांनी अगदी मायेने विचारलं. खुशालरावाच्या जिभेला जन्मभर एकच वळण. "अडचण कसली? खुशाल आहे सगळं," तो म्हणाला, आणि वर आणखी एक बिस्किट घेण्याचा आग्रह केला.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. या पठ्ठ्याने तेही आणलं, आणि इतकं झकास वठवलं की लवकरच संस्थेकडून निरोप आला: कुटुंबाला खर्च झेपण्यासारखा आहे, मदत देता येत नाही.

बायकोने ते फारसं मनावर घेतलं नाही. नाही तर नाही, बाजूला टाकलेले आहेत की, म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. लेक म्हणाली, सगळा दोष सोफ्याचा आहे. खुशालरावही हसला. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी. आता मूठ उघडायची वेळ आली होती आणि आत काहीच नव्हतं.

दुकानातून त्याने बाईंना फोन केला. थोडं सांगायचं राहिलंय, येऊन भेटतो, म्हणाला. बाई म्हणाल्या, या, पण मुलीला घेऊन या; अर्ज तिचा आहे, तिच्याशिवाय तो पुन्हा उघडता येत नाही. फोन ठेवून तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून राहिला. सांगावं तर लेक जायची नाही, न सांगावं तर तिला जाता यायचं नाही. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी त्याने सांगायचं ठरवलं, कारण त्यात निदान लेकीशी भांडायला जागा होती.

संस्थेचं ऑफिस म्हणजे जिना चढून गेल्यावर एक चिंचोळी खोली, फायलींनी वाकलेलं कपाट आणि खडखडणारा पंखा. बाई टेबलापलीकडे, लेक त्याच्या शेजारी. बोला, बाई म्हणाल्या. खुशालरावाने तोंड उघडलं आणि नेहमीचा शब्द ओठांवर आला. तो त्याने गिळला. दुसरा काही येईना. बाई त्याच्या डोळ्यांत बघत होत्या आणि तीच तर पंचाईत होती. त्याच्या खुर्चीत माणसं काय काय बोलून जात, पण ती आरशाकडे तोंड करून, आणि ऐकणारा त्यांच्या पाठीशी उभा असे. समोर बसवून विचारलं असतं तर एकानेही तोंड उघडलं नसतं.

"बाई, मी खुर्ची फिरवून बसलो तर चालेल का?" त्याने विचारलं. "पाठ केली म्हणून राग मानू नका. आमच्याकडे असंच बोलतात."

बाईंना आश्चर्य वाटलं असणार, पण त्यांनी मान डोलावली. त्याने खुर्ची भिंतीकडे फिरवली.

"माझा हात थरथरतो," तो भिंतीला म्हणाला. "वस्तरा धरता येत नाही. म्हणून मीच लोकांना दाढ्या ठेवायला लावल्या, फॅशनबिशन काही नाही. आणि घरी देत होतो ते हिच्या शिक्षणाचे पैसे होते. त्यातलं आता काही उरलं नाही. सोफा मास्तरांचा होता."

बोलून झाल्यावर त्याला जन्मात वाटली नव्हती एवढी लाज वाटली. आणि त्या लाजेतच इतकं हलकं वाटलं, की नुसत्या केस कापण्याच्या पैशात गिऱ्हाइकं एवढं सुख घेऊन जात होती, याचा त्याला थोडा रागही आला.

"मी नाही जात, बाबा," मागून लेकीचा आवाज आला. "इथेच नोकरी बघते. तुमचा हात आधी डॉक्टरला दाखवू."

ज्याची भीती होती तेच झालं. खुशालरावाने कर्रकन खुर्ची वळवली. लेकीकडे बघायचा धीर झाला नाही, म्हणून तो बाईंशीच बोलला, पण या वेळी समोरासमोर.

"तुम्ही अडचण विचारत होता ना? ही बघा अडचण. हाताचं मी बघून घेईन. दाखवीन डॉक्टरला. पण ही माझ्यापायी घरी बसली, तर मला दुकान उघडून त्या आरशात बघता येणार नाही. एवढी मदत करा."

त्याने हात जोडले. जोडलेले हात थरथरत होते आणि त्याने ते लपवले नाहीत.

बाई म्हणाल्या, मी वचन देत नाही, समिती ठरवेल. आधी मिळकतीचा खरा आकडा लागेल. तो त्याने तिथल्या तिथे सांगितला. बाईंनी कोऱ्या अर्जावर तो लिहिला आणि अर्ज त्याच्यासमोरून सरकवत लेकीपुढे ठेवला.

"सही तुझी लागते," त्या तिला म्हणाल्या. "बाबांची चालत नाही."

लेक त्या आकड्याकडे बघत राहिली. किती तरी वेळाने तिने पेन उचललं आणि सही केली, सावकाश, पूर्ण नावाची. रडली ती त्यानंतर, अर्ज बाईंच्या हातात गेल्यावर.