फळ्याशेजारची खुर्ची

सोपान पुकळे गेल्याचे त्याच्या पत्नीने सकाळी दूरध्वनीवरून कळवले. "सर, हे गेले," इतकेच. मी "बरं" म्हणालो. त्याला आता पाच आठवडे झाले.

सांगलीच्या अध्यापक विद्यालयात मी प्राचार्य होतो, सोपान अध्यापक. म्हसवडच्या मेंढपाळ घरातला हा माणूस शिक्षक-देवाणघेवाणीच्या योजनेतून तीन महिने जपानला राहून आला आणि आल्या आल्या शिकाऊ शिक्षकांच्या सरावपाठाच्या वर्गातली निरीक्षकाची खुर्ची मागच्या भिंतीपासून उचलून त्याने फळ्याशेजारी ठेवली. मी ती परत मागे नेऊन ठेवायला लावली. निरीक्षक मागे बसतो, ही आमची रीत होती.

"आवं सर, मागनं पोरांच्या नुसत्या पाठी दिसत्यात. आपण काय बाजारात मेंढरं पारखाय बसलोय व्हय?"

"मेंढरं तुम्ही पारखा. मी शिक्षक पारखतो."

तो हसला. मला तो उद्धटपणा वाटला. योजना पुढे चालवावी की नाही, याचा अभिप्राय मी द्यायचा होता. नकाराचे पत्र लिहून तयार होते. सोपानला ते ठाऊक होते. योजनेतून जपानच्या एक शिक्षिका आमच्याकडे यायच्या होत्या; त्या येऊन जाईपर्यंत पत्र पाठवू नये, एवढेच त्याने मागितले.

त्या जपानी शिक्षिका आल्या. मराठीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. म्हसवडच्या शाळेत, चौथीच्या वर्गावर, आमच्या छात्राध्यापिकेने भागाकाराचा पाठ घेतला. बाई फळ्याशेजारी बसल्या, मी मागे. पाठ निर्दोष झाला; मी पन्नासपैकी शेहेचाळीस गुण दिले. नंतरच्या चर्चेत बाई इंग्रजीतून बोलल्या : तिसऱ्या ओळीतली लाल रिबिनीची मुलगी दुसऱ्या उदाहरणात, वरचा अंक खाली घेताना अडली, पुढे तिने केवळ फळ्यावरचे उतरवून घेतले.

मी मुलीला बोलावून नवे उदाहरण घातले. ती नेमकी तिथेच थांबली.

"तितनं पुढं कळलंच न्हाई, सर."

"मग विचारलं का नाहीस?"

"समदी लिवत हुती. मीबी लिवलं."

भाषा न जाणणाऱ्या परक्या बाईंना एका तासात जे दिसले, ते मला उभ्या नोकरीत दिसले नव्हते... पत्र मी फाडले. पुढे दर वर्षी आमचे दोघे तिकडे जात राहिले, तिकडचे दोघे इकडे.

गेल्या आठवड्यात विद्यालयात शोकसभा झाली. लिहून आणलेले भाषण मी वाचू लागलो आणि नकळत समोरचे चेहरे पाहत गेलो. एक नवी विद्यार्थिनी भांबावलेली दिसली. तिने सोपानला कधी पाहिलेच नव्हते. मी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि तिला कळेल असे, पहिल्यापासून सांगू लागलो.