दाराला आतून कडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणूनच असेल.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. मी माधवनगरला गिरणीत होतो. माझी एकुलती बहीण कवठे महांकाळला दिलेली. तिच्या लेकीचं, सुमनचं, लग्न होतं. नवरीला हात धरून मांडवात आणायचं, अंतरपाटाशी तिच्या पाठीमागं उभं राहायचं — ते मामाचं काम. ही पोर तर माझ्या खांद्यावर वाढलेली.

पण मी रुसलो होतो. कशावरून? सांगायचीही लाज वाटते — साखरपुड्यात पहिला फेटा तिच्या चुलत्याला बांधला, मला नंतर. एवढंच! बायकोमुलांना हळदीला पुढं धाडलं आणि मी घरीच ठाण मांडलं. मामाशिवाय लग्न कसं लावतात बघू. येतील की पाया पडत.

आणि दाजी आले. नवरीचा बाप, लग्नाच्या दिवशी सकाळी, सगळी कामं टाकून जीप घेऊन आला. मी नवे कपडे चढवून, आतून कडी लावून बसलेलो. "आवं पावणं, चला की. पोरगी खोळंबलीया." अजून एकदा विनवू दे, मग उघडू — असं मनात होतं. माणूस इतका हलका असतो? "मागल्या दारानं एस्टीला निघालं वाटतं," दाजी ड्रायव्हरला म्हणाले. जीप गेली.

मी मागं धावलो का? नाही. उठलोसुद्धा नाही.

दाजींनी जाऊन सांगितलं, मामा वाटेत आहेत. म्हणून सगळे थांबले. मुहूर्त टळला तरी सुमन खोलीतून हलेना. शेवटी त्या चुलत्यानंच रडत्या पोरीला मांडवात आणलं. मी नंतर सांगितलं, एस्टी वाटेत बंद पडली. कुणीही शंका घेतली नाही.

थोड्या दिवसांनी बहीण लाडू घेऊन आली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तर माझाच हात धरून रडली. "दादा, लय वाट बघितली रं. पर भटजी थांबंनात. राग धरू नगंस."

"असू दे," मी म्हणालो. मोठ्या मनानं!

बहीण आता राहिली नाही. शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसलो होतो, तेव्हाही तिचं तेच — "दादा, आमी आनि थोडं थांबाय पायजे हुतं."

मी मान हलवली. व्हय म्हणालो.